वाचकांचे प्रश्न : भाड्याचे घर, हप्ता आणि करारनामा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी सांगली, मिरज आणि सातारा येथील छोट्या घरमालकांची, अथवा घरमालक होऊ इच्छिणाऱ्यांची आहेत. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : मी 46 वर्षांचा शिक्षक असून विश्रामबागेत माझे स्वतःचे तळमजल्याचे घर आहे. शिल्लक 10 लाख आणि कर्ज 20 लाख असे मिळून शामरावनगर भागात 30 लाखांचा तळमजल्यावरील फ्लॅट घ्यावा, असा विचार आहे. भाडे 9,000 रुपये येईल आणि ‘हप्ता भाड्यातून परस्पर फिटेल’ असे एजंटचे म्हणणे आहे. हे कितपत खरे आहे?

उत्तर : आकडे कागदावर मांडले तर ते खरे ठरत नाही. 20 लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने 20 वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे 17,350 रुपये, म्हणजे वर्षाला 2 लाख 8 हजार होतो. भाडे वर्षाचे बाराही महिने मिळेल असे धरू नये. एक भाडेकरू गेल्यावर दुसरा येईपर्यंत रंगरंगोटी, नळदुरुस्ती आणि शोधाशोध यांत एखादा महिना सहज जातो. अकरा महिन्यांचे 99,000 हाती आले आणि त्यातून घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स व किरकोळ दुरुस्ती यांचे 20,000 वजा केले, तर 79,000 उरतात. याचा अर्थ दरमहा जवळजवळ पावणेअकरा हजार रुपये आपल्याला पगारातून घालावे लागतील. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून घराची खरी किंमत 32 लाखांच्या आसपास जाते. त्यावर 79,000 म्हणजे जेमतेम अडीच टक्के. जागेची किंमत वाढेल ही आशा ठेवण्यास हरकत नाही, पण ती आशा हप्ता भरत नाही.

प्राप्तिकराच्या सवलतीने ही तूट भरून निघेल असेही एजंट सांगतात. जुन्या करप्रणालीत घरभाड्याच्या शीर्षाखालील तोटा (कर्जावरील व्याज भाड्यापेक्षा जास्त झाल्याने दिसणारा) वर्षाला 2 लाखांपर्यंत पगारातून वळता करता येतो. नव्या प्रणालीत तो पगारातून वळता करता येत नाही. आपण कोणत्या प्रणालीत आहात, हे आधी पाहावे.

आता जागेविषयी. सांगलीत घर घेताना दरापेक्षा आधी पाण्याची पातळी विचारावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट मानली जाते. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले आणि 2021 मध्येही ते धोक्याच्या पातळीच्या बरेच वर होते. शामरावनगर, दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट ही नावे महापुराच्या बातम्यांत दर वेळी येतात. घर पाहायला जाल तेव्हा नव्या रंगावर जाऊ नका. जिन्याखालची जागा, भिंतीतील कपाटाची मागची बाजू आणि न्हाणीघराच्या दाराची चौकट पाहा. रंगाऱ्याचा ब्रश तेथे सहसा पोचत नाही आणि गाळाची पिवळट रेघ तेथेच राहते. विजेचे मीटर डोक्याच्याही वर बसवलेले असतील आणि पाण्याची मोटार पहिल्या मजल्याच्या वळणावर ठेवलेली असेल, तर इमारतीने काय सोसले आहे ते न विचारता कळते. शेजारच्या दुकानदाराला ‘2019 ला पाणी कुठवर होते?’ असे विचारा. तो हात ठेवून जागा दाखवील. महापुरानंतर तळमजल्याचा भाडेकरू निघून जातो, आणि पुढच्या जुलै महिन्यात नवा भाडेकरू यायला कचरतो. अशा ठिकाणी घेणारच असाल तर वरचा मजला घ्या आणि पुराचे संरक्षण असलेला गृहविमा उतरवा. ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पुराने झालेले इमारतीचे नुकसान आणि त्या काळातील बुडालेले भाडे या दोन्हींचा समावेश असतो.

कागदपत्रांत मिळकत पत्रिका अथवा सातबारा, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. सांगलीत गुंठेवारीचे, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीविना तुकडे पाडून विकलेले, प्लॉट पुष्कळ आहेत. 2001 च्या गुंठेवारी अधिनियमाखाली ते नियमित झाल्याचे प्रमाणपत्र नसेल, तर बँक कर्ज देताना अडते आणि पुढे विकतानाही गिऱ्हाईक अडते.

आपल्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे, जिला आपण फारसे महत्त्व दिलेले दिसत नाही : विश्रामबागेतील आपले घर. वर मजला चढवण्याइतका पाया आणि कॉलम मजबूत आहेत का, हे इंजिनिअरकडून तपासून घ्या आणि महापालिकेची बांधकाम परवानगी मिळते का ते पाहा. समजा 12 लाखांत स्वतंत्र जिन्यासह दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर झाले आणि 6,000 भाडे मिळाले, तर खर्च वजा जाण्यापूर्वी ते सहा टक्के होतात, कारण जमिनीला पैसे लागलेले नाहीत. जवळच वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय असल्याने मागणीही आहे. वीजमीटर मात्र वेगळा घ्या. एका मीटरवर दोन चुली आल्या की वाद बिलावरून सुरू होतो आणि वरचा पंखा कोण किती लावतो इथवर जातो.

प्रश्न : मिरजेतील माझा वन बीएचके फ्लॅट तीन वर्षांपूर्वी 11 महिन्यांसाठी दिला होता. 500 रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी केली. पुढे करार केला नाही. आता चार महिन्यांचे भाडे थकले आहे आणि भाडेकरू घर सोडत नाही. 11 महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, असे ऐकले होते. बारा वर्षे राहिला तर घर त्याचे होईल का? पाणी बंद करावे काय?

उत्तर : पाणी बंद करू नका. भाडेकरूचा पाणी, वीज यांसारखा आवश्यक पुरवठा तोडणे हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 प्रमाणे शिक्षापात्र आहे आणि त्यामुळे आज जो वाद त्याने दिलेल्या त्रासाचा आहे, तो उद्या आपल्यावरच्या तक्रारीचा होईल.

बारा वर्षांची भीती बहुतांशी निराधार आहे. जो माणूस आपल्या परवानगीने राहतो आणि भाडे देतो, त्याचा ताबा मालकाविरुद्धचा ताबा समजला जात नाही. वर्षे मोजून तो मालक होत नाही. तरीही भाडे घेतल्याचा लेखी पुरावा आपल्याकडे असला पाहिजे.

अकरा महिन्यांचा समज मात्र महागात पडणारा आहे. एका वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, हा नियम 1908 च्या नोंदणी अधिनियमातून आला आहे. महाराष्ट्रात 1999 च्या अधिनियमाच्या कलम 55 नुसार भाडेकरार आणि लिव्ह अँड लायसन्स करार (ज्यात भाडेकरूचे हक्क न देता ठराविक मुदतीपुरती फक्त राहण्याची परवानगी दिली जाते), मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. ती जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून मोठा तोटा असा, की अटींविषयी वाद झाल्यास उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत असता, तर मुदत संपताच कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता आले असते. तेथे समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत राहणाऱ्याला बचावाची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर ताबा न सोडल्यास ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. आपल्या बाबतीत तो माणूस स्वतःला भाडेकरू म्हणवील आणि प्रकरण दिवाणी न्यायालयात जाईल. थकबाकीसाठी आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि 90 दिवस थांबावे लागते. म्हणून नोटीस वकिलामार्फत आजच पाठवा, आणि त्याच वेळी बोलणी चालू ठेवा : थकलेल्या भाड्यातील काही रक्कम सोडून, ठराविक तारखेला चावी मिळणार असेल, तर तसा लेखी समझोता न्यायालयातील खेपांपेक्षा स्वस्त पडतो. घरमालकांच्या मनाला हे रुचत नाही, हे मला ठाऊक आहे.

पुढच्या करारासाठी खर्चाचा बाऊ करू नका. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर, आणि परत करावयाच्या अनामतीवर वर्षाला 10 टक्के धरलेल्या व्याजावर, 0.25 टक्के आहे; शहरी हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. नोंदणी ऑनलाइन होते. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यालाही कळवा.

प्रश्न : फ्लॅट पत्नीच्या नावावर घेतला, पैसे माझे. भाडे तिच्या विवरणपत्रात दाखवले तर चालेल का? रंगकामाचा 40,000 खर्च वजा मिळेल का?

उत्तर : पैसे आपले असल्यास भाड्याचे उत्पन्न आपल्याच उत्पन्नात मोजले जाते. रंगकाम वेगळे वजा होत नाही. भाड्यातून प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेच्या 30 टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीवर शून्य खर्च केला तरी तेवढी, आणि 40,000 केला तरी तेवढीच.

प्रश्न : साताऱ्यात शनिवार पेठेतील आमच्या जुन्या वाड्यात तीन कुटुंबे आजोबांच्या काळापासून महिना काही रुपयांत राहतात. भाडे वाढवता येईल का?

उत्तर : भाडे नियंत्रणाचा 1999 चा अधिनियम 31 मार्च 2000 पासून लागू आहे आणि त्यानुसार घरमालकाला दरवर्षी 4 टक्के वाढ करता येते. मूळ रक्कमच चाळीस-पन्नास रुपये असेल, तर या वाढीने घरपट्टीही निघणार नाही. पण वाढ मागणे, ती लेखी कळवणे आणि प्रत्येक वेळी पावती देणे याला किंमत आहे. पावती देणे हे तसेही कायद्याने बंधनकारक आहे. वाडा मोडकळीस आला असल्यास किंवा आपल्याला स्वतः राहण्यासाठी खरोखर हवा असल्यास ताबा मागण्याचे आधार कायद्यात आहेत, मात्र ती गरज न्यायालयात सिद्ध करावी लागते.

आपण जोडलेल्या मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचेच नाव दिसते. नोटीस पाठवण्यापूर्वी नगर भूमापन कार्यालयात सर्व वारसांची नोंद करून घ्या, आणि भाडे कोणी स्वीकारायचे याचे संमतिपत्र भावंडांकडून लिहून घ्या. नाहीतर भाडेकरू पहिल्याच उत्तरात विचारील, की तुमच्यापैकी नेमका मालक कोण.