भरतीच्या पोरींमागे पळणाऱ्या बाई

पावसाळा सरत आला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. हिवाळ्यातल्या एकवीस किलोमीटरच्या हाफ मॅरेथॉनसाठी नाव दिलेलं असतं, टी-शर्टचं माप कळवून झालेलं असतं, आणि मग माणूस खुर्चीत टेकून म्हणतो, “मॅडम, मी अजून सहा किलोमीटरच्या पुढं गेलो नाही. एकवीस कसे व्हायचे? आणि मधेच चालावं लागलं तर?” यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुठलाही जुना धावपटू देईल. माझ्या समुपदेशनाच्या खोलीत जास्त वेळ खातो तो दुसरा.

परभणीतल्या एका शिक्षिकेची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शाळेत त्यांना सगळे बाई म्हणतात, मीही तेच म्हणते. वय एक्केचाळीस, जिल्हा परिषदेची शाळा, घरी नवरा, सासूबाई आणि दहावीतला मुलगा. ऑगस्टमध्ये आल्या त्या झोपेची तक्रार घेऊन. पहाटे तीनला जाग यायची, मग घड्याळ बघत पडून राहायच्या, कारण साडेचारला पळायला जायचं असायचं. डिसेंबरात संभाजीनगरला २१ किलोमीटर पळायचं नक्की केलं होतं. शाळेतल्या तिघी-चौघींनी मिळून नाव दिलं होतं, त्यातल्या बाकीच्या गळाल्या, या राहिल्या.

“होत नाही माझ्याच्यानं,” त्या म्हणाल्या. “दोन किलोमीटरला छाती फुटायची वेळ येते. नडग्या ठणकतात. रडू येतं, पण रस्त्यावर रडता येत नाही ना.”

इथे माझी एक चूक कबूल करते. धाप, धडधड, झोप उडालेली, एवढं ऐकून मी त्याला चिंतेच्या खात्यात टाकलं आणि श्वासाचा एक व्यायाम देऊन मोकळी झाले. दुसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या की शाळेचा जिना चढतानाही दम लागतो, तेव्हा माझं डोकं जाग्यावर आलं. डॉक्टरांकडे पाठवलं. ईसीजी ठीक होता, हिमोग्लोबिन १०.४ निघालं. बायकांमध्ये ते १२ च्या खाली असलं की रक्त कमी धरतात. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत हे ऐकून बाईंचं तोंड उतरलं, कारण त्यांचा दिवस चहावर चालतो. प्रत्येक धाप मनातून येत नाही. चाळिशीनंतर नव्यानं पळायला लागणाऱ्यानं आधी डॉक्टरांना दाखवावं. आणि पळताना छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथेच थांबावं. त्यावर समुपदेशन नको, दवाखाना हवा.

पण रक्त हा अर्धाच भाग होता. मी विचारलं, पळायला शिकलात कुठं?

“स्टेडियमवर. भरतीच्या पोरी असतात तिथं.”

मराठवाड्यात पहाटे कुणी पळताना दिसलं की लोक एकच गोष्ट धरून चालतात: पोलीस भरती. बाईंनाही पहिल्याच आठवड्यात दूधवाल्यानं विचारलं होतं, “भरतीची तयारी करायलात का?” त्यांना हसू आलं, पण पळायला सोबत मिळाली ती त्या पोरींचीच. एकोणीस-वीस वर्षांच्या, खेड्यातून खोली करून राहिलेल्या, एकेका सेकंदासाठी झटणाऱ्या. त्यांना ८०० मीटर मारायचे असतात, पोरांना १६००. तिथे चालणं म्हणजे गुण गेले. शिकवणारे दादा ओरडायचे, “थांबायचं नाही!” आणि बाईंनी ते वाक्य स्वतःसाठी उचललं होतं.

आता हिशोब बघा. हाफ मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची. म्हणजे ८०० मीटर सव्वीस वेळा, वर थोडं उरतंच. ज्या वेगानं एकदा पळून पोरगी गवतावर आडवी होते, त्याच वेगाच्या मागे बाई आठवड्यातून पाच दिवस लागल्या होत्या. नडग्या ठणकणार नाहीत तर काय? पाच किलोमीटर त्या चौतीस मिनिटांत काढायच्या आणि पुढचा अख्खा दिवस ‘आपण नालायक’ या विचारात काढायच्या. शिवाय मुलानं मोबाइलवर पळण्याचं ॲप टाकून दिलेलं. रोज संध्याकाळी दुसऱ्यांचे आकडे बघायचे, हा वेगळा छळ.

मी त्यांना दोन कामं दिली. पहिलं सोपं वाटलं. पळताना शाळेतली प्रतिज्ञा मोठ्यानं म्हणायची. एकेक वाक्य न तुटता म्हणता आलं तर वेग बरोबर. मधेच श्वास तुटला तर जास्त झालं, हळू व्हा. गप्पा मारता येतील एवढ्याच वेगानं पळा असं जे सांगतात, ते हेच. लांब पळायची ताकद मुख्यतः या हळू पळण्यातून येते, हृदय आणि पाय दोघांनाही सवय व्हायला उसंत मिळते. बाई परत आल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, ‘सारे भारतीय’पर्यंतच पोचले.” वेग उतरवत उतरवत किलोमीटरला नऊ मिनिटांवर आला, तेव्हा कुठे प्रतिज्ञा धड झाली.

दुसरं काम ऐकून मात्र त्या माझ्याकडे रागानं बघायला लागल्या. पाच मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, दमलेलं नसतानाही. आणि ते चालणं स्टेडियमच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नाही, वसमत रोडवर, उजाडल्यावर, माणसं असतील तिथं.

“अहो, पालक असतात तिथं. म्हणतील, बाई दमल्या.”

“मग?”

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग हळूहळू निघालं. शाळेत पोरांना ‘अर्ध्यात सोडायचं नाही’ असं रोज सांगणारी बाई रस्त्यावर चालताना दिसली तर काय राहिलं? सासूबाई आधीच म्हणत होत्या, या वयात काय हे थेर. नवरा काही बोलत नव्हता, पण “जमत नाही म्हणते” असं त्यानं एकदा फोनवर कुणाला तरी सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं. म्हणजे त्या रोज पहाटे पळत होत्या ते एकवीस किलोमीटरसाठी नव्हतंच. कुणी चालताना बघू नये म्हणून पळत होत्या.

अशी भीती समजावून जात नाही. जिची भीती, ती गोष्ट थोडी थोडी, मुद्दाम, पुन्हा पुन्हा करावी लागते. मी वही करायला सांगितली: कुठे चालले, कुणी बघितलं, काय म्हणाले. पंधरा दिवसांत नोंदी झाल्या बावीस. बघणारे सहा. त्यातल्या एका पालकानं थांबवलं तेव्हा बाईंच्या पोटात गोळा आला. त्याला विचारायचं होतं, पोराला शिष्यवृत्तीला बसवू का. बाकीच्यांनी रामराम घातला. एक कुत्रं मागं लागलं, तेही चालायला लागल्यावर गप बसलं. (हा सल्ला मात्र खरंच घ्या: कुत्र्यापुढे पळू नये.)

अधूनमधून चालणं ही हरलेल्यांची सोय आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी एक माहिती. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर पळलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांची पद्धत नवख्यांना पहिल्यापासूनच ठरवून चालायला लावते. दमल्यावर चालण्यात आणि ठरवून चालण्यात फरक आहे. ठरवून चाललं की पाय शेवटपर्यंत शिल्लक राहतात.

वेळापत्रक फार गुंतागुंतीचं नव्हतं. पाचाचे तीन दिवस केले, त्यातला रविवार लांब पळण्याचा. तो लांबचा पल्ला सहापासून सुरू, दर आठवड्याला किलोमीटरभर वाढ, आणि चौथ्या आठवड्याला कमी. जागा बदलून कृषी विद्यापीठातले रस्ते धरले, तिथे झाडं आहेत आणि वाहनं कमी. नवरात्रात अडलं. बाईंचे नऊ दिवसांचे उपवास, ते सोडणार नव्हत्या आणि मी सांगणारही नव्हते. त्या आठवड्यात लांब पळणं काढून टाकलं, नुसतं फिरणं ठेवलं. ऑक्टोबरचं ऊन परभणीत काय असतं ते सांगायला नको. लिंबू-मीठ-साखरेची बाटली आणि उजाडायच्या आत अर्धं अंतर, एवढंच केलं. दिवाळीचा आठवडा चकल्यांत गेला. नोव्हेंबरच्या शेवटी सतरा किलोमीटर झाले आणि तिथेच थांबलो. शेवटचे दोन आठवडे उलट कमी पळायचं.

“पण एकवीस झालेच नाहीत की!” हा त्यांचा आक्षेप. पहिल्या खेपेला सरावात एकवीस पुरे करायची गरज नसते. सोळा-सतरा आरामात होत असतील आणि शेवटी पाय ताजे ठेवले असतील, तर उरलेले चार-पाच त्या दिवशी निघतात. बघायचं असतं ते वेळेच्या मर्यादेचं. अनेक ठिकाणी ती तीन-साडेतीन तास असते, आणि ती नाव देतानाच वाचावी. बाईंच्या इथे साडेतीन होती.

शर्यतीआधीच्या भेटीत त्यांनी आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या धावपटू अविनाश साबळेचा विषय काढला. वर्गात त्या पोरांना त्याची गोष्ट सांगतात, रोज सहा किलोमीटर शाळेला जाणारा पोरगा. २०२० मध्ये दिल्लीत त्यानं हेच अंतर १ तास ३० सेकंदांत काढलं. “तो पोचून अंघोळ करेल तेव्हा मी सातव्या किलोमीटरवर,” त्या म्हणाल्या आणि स्वतःच खदखदून हसल्या. ऑगस्टमध्ये हेच वाक्य त्या रडत बोलल्या असत्या. आदल्या रात्री झोप लागली नाही तर, हे त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, नाहीच लागणार, कुणालाच लागत नाही. आधीच्या आठवड्याची झोप सांभाळा आणि घड्याळ दुसऱ्या खोलीत ठेवा.

डिसेंबरात त्यांनी ३ तास १२ मिनिटांत संपवलं. अठराव्या किलोमीटरला त्या ठरल्याप्रमाणे चालत होत्या, तर पाणी देणारा एक पोरगा ओरडला, “काकू, थांबू नका, थोडंच राहिलंय!” बाईंनी त्याच्या हातातून पाणी घेतलं, मिनिट पुरं होईपर्यंत चालल्या, मग पळाल्या.

मला फोन आला तो तीन दिवसांनी. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं, सासूबाई हळद लावत होत्या, आणि बाईंना विचारायचं होतं की पुढच्या वेळी बूट अर्धा नंबर मोठा घ्यावा का.