गिअरबॉक्समधलं ऑइल मोजल्याशिवाय गाडी कुणालाही उघडू देऊ नका

प्रश्न : पत्नीच्या नावावर सहा गिअरची ऑटोमॅटिक गाडी आहे. एप्रिलमध्ये नागपुरातल्याच एका खासगी गॅरेजात गिअरबॉक्स पूर्ण उघडून दुरुस्त केला, टॉर्क कन्व्हर्टरही (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) नवा टाकला. १,१२,००० रुपये दिले, त्यातले ७०,००० यूपीआयने, बाकी रोख. मागूनही पक्कं बिल दिलं नाही. हातानं लिहिलेला हिशेब आहे, त्यात 'एटीएफ ४ लिटर' असं आहे, म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल. सहा महिन्यांची गॅरंटी व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवून दिली. तीन आठवड्यांनी अमरावती रोडवर कोंढाळीच्या पुढे गाडी उचल घेईना, इंजिन नुसतं ओरडत होतं. फ्लॅटबेडवर टाकून घरी आणली. गॅरेजवाले म्हणतात, ऑइल बरोबर होतं, तुम्हीच गाडी ताणली. आणून द्या, उघडून पाहू, अर्धा खर्च तुमचा. दुसरा मिस्त्री म्हणतो, ऑइलच कमी भरलंय. ग्राहक आयोगात जाता येईल का?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : जाता येईल. पण सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करायची जबाबदारी तक्रारदारावर असते, आणि तुमचा मुख्य पुरावा सध्या गिअरबॉक्सात आहे. गाडी त्या गॅरेजात गेली आणि त्यांनी ऑइल काढून टाकलं, की किती होतं हे कधीच कळणार नाही. दुसऱ्या मिस्त्रीनं एकट्यानं उघडली, तर समोरचा वकील म्हणेल, ऑइल तुम्हीच काढलं. म्हणून आज गाडीला हात लावू देऊ नका.

आता त्या ४ लिटरबद्दल. हा आकडा चूक की बरोबर, हे काम कोणतं झालं त्यावर ठरतं. नुसतं ऑइल बदलताना खालचा बोल्ट काढला की सगळं ऑइल बाहेर येत नाही. बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांमध्ये अडकून राहतं. म्हणून सहा गिअरच्या बऱ्याच गाड्यांत एकूण ७ लिटरच्या आसपास ऑइल बसत असलं, तरी साध्या बदलीला ३ ते ४ लिटर पुरतं. तुमच्याकडे तसं झालेलं नाही. गिअरबॉक्स पूर्ण उघडला आणि कन्व्हर्टर नवा बसला, म्हणजे जवळजवळ सगळं ऑइल नव्यानं भरायला हवं होतं. त्यांच्याच अक्षरातल्या कागदावर एका ओळीत नवा कन्व्हर्टर आणि दुसऱ्या ओळीत ४ लिटर ऑइल असेल, तर या दोन ओळी एकमेकींशी जुळत नाहीत. हा कागद जपून ठेवा. 'कन्व्हर्टरमध्ये आधीच ऑइल ओतलं होतं' असा बचाव येऊ शकतो. मग ते किती होतं आणि हिशेबात का नाही, हे त्यांनी सांगायचं.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून तुमच्या मॉडेलचे दोन आकडे लेखी घ्या : साध्या बदलीला किती आणि ओव्हरहॉलनंतर, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त केल्यावर, किती. ऑइलचा ग्रेडही त्यात येऊ द्या.

'लेव्हल पाहिली होती' हा त्यांचा दुसरा बचाव असेल, आणि इथे आपल्या गावाचं ऊन महत्त्वाचं ठरतं. ज्या गिअरबॉक्सला डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) नसते, त्याची लेव्हल गाडी सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, ओव्हरफ्लोचा प्लग उघडून पाहतात. जास्तीचं ऑइल वाहून जातं, धार थेंबांवर आली की प्लग लावायचा. पण हे ऑइल ठरावीक तापमानाला असतानाच करायचं असतं, अनेक गिअरबॉक्सना साधारण ३५ ते ४५ अंश. नागपुरात एप्रिल-मेमध्ये टिनाच्या शेडखाली उभ्या गाडीचं ऑइल इंजिन सुरू करण्याआधीच त्या मर्यादेपाशी असू शकतं. त्यापुढे तापलेलं ऑइल फुगतं, गरजेपेक्षा जास्त वाहून जातं, आणि लेव्हल पाहूनही ऑइल कमी राहतं. मग पंप हवा ओढतो, दाब पडतो, क्लच घसरून जळतात. तुम्ही सांगता ती लक्षणं याच्याशी जुळतात. म्हणून गॅरेजला पाठवायच्या नोटिशीत थेट विचारा : लेव्हल किती अंशाला पाहिली, कोणत्या स्कॅनरवर (गाडीला जोडून तापमान दाखवणारं यंत्र), नोंद कुठे आहे?

नोटीस स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा, व्हॉट्सॲपवरही टाका. त्यात ऑइलच्या मोजणीची तारीख, वेळ, जागा द्या आणि हजर राहायला सांगा. ते आले नाहीत तरी मोजणी करा. त्रयस्थ म्हणून परवानाधारक वाहन सर्वेक्षक किंवा ऑटोमोबाइल शाखेचा प्राध्यापक घ्या, त्याची फी आज भरा, पुढे खर्चात मागता येते. गाडी तिथवर फ्लॅटबेडवरच न्या. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढली, तर 'ओढल्यानं बिघडली' म्हणायची सोय होते. कोंढाळीहून आणल्याची पावती त्यासाठीच हवी.

मोजणीच्या दिवशी आधी गाडीच्या खालचे फोटो काढा. गिअरबॉक्स, सील, कूलरच्या नळ्या कोरड्या असतील तर ऑइल गळून गेलेलं नाही. म्हणजे कमी निघालं तर कमीच भरलं होतं. मग स्कॅनरवरचं तापमान व्हिडिओत दिसेल असं धरून प्लग उघडायचा. एक थेंबही आला नाही तर तसं लिहायचं. इंजिन गरजेपेक्षा जास्त वेळ चालू ठेवू नका. त्यानंतर ऑइल खुणांच्या भांड्यात काढून मोजायचं, आणि कोरड्या बाटल्यांमध्ये दोन नमुने भरून सील करायचे, लेबलवर हजर असलेल्यांच्या सह्या घ्यायच्या. काढलेल्या ऑइलचा आकडा एकूण क्षमतेपेक्षा कमीच येणार, हे अहवालात आधीच लिहून घ्या, नाहीतर तोच आकडा तुमच्यावर उलटेल. खरा निकष प्लगपाशी दिसलेली लेव्हल.

यानंतर गाडी दुरुस्त करून घ्या, जुने क्लच आणि पावत्या ठेवा. निकालाची वाट पाहत गाडी वर्षभर उभी ठेवल्यानं भरपाई वाढत नाही. नुकसान आटोक्यात ठेवायला काय करता आलं असतं, हे करार कायद्याच्या कलम ७३ नुसार पाहिलं जातं.

पक्कं बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे स्वतंत्रपणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, ती तक्रारीत वेगळी मांडा. व्हॉइस मेसेज मूळ फोनमध्येच राहू द्या, फोन बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत जोडा. रोख दिलेल्या ४२,००० चा पुरावा म्हणून तो हातानं लिहिलेला हिशेब आणि त्या दिवशीची बँकेतून काढलेली रक्कम चालेल.

तक्रार नागपूर जिल्हा ग्राहक आयोगातच होईल, ऑनलाइन, सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरही दाखल करता येते. दिलेला मोबदला ५ लाखांच्या आत असल्यानं फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत गाडी बंद पडल्यापासून २ वर्षं. आयोगाची नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तराला ३० दिवस आणि फार तर आणखी १५. त्यापुढे मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. कायद्यात निकालासाठी ३ महिने, तपासणी लागली तर ५ महिने असं आहे. प्रत्यक्षात जास्त लागतात, तयारी ठेवा.

मागणी १,१२,००० परत, किंवा नव्या दुरुस्तीचा खर्च, आणि टोइंग, तज्ज्ञाची फी, त्रासाची वाजवी भरपाई एवढीच ठेवा. नव्या गाडीची किंमत मागू नका, बाकीच्या मागणीचंही वजन जातं. 'अर्धे पैसे द्या' या प्रस्तावावर चिडू नका, तो मेसेज जपा. त्यांनी पूर्ण काम फुकट, पक्क्या बिलासह आणि लेखी गॅरंटी देऊन करायची तयारी दाखवली, तर मोजणी झाल्यावर तडजोड करायला हरकत नाही. आयोगही मध्यस्थीकडे पाठवू शकतो.

गाडी पत्नीच्या नावावर आहे आणि पैसे तुम्ही दिले, म्हणून तक्रारदार दोघंही व्हा. नोटिशीवरही दोघांच्या सह्या घ्या.