चेहऱ्यांच्या चित्रांवरून मुलांची वाचनाविषयीची अभिवृत्ती मोजता येते का?

तिसरीच्या वर्गावरील कृतिसंशोधनात (शिक्षकाने आपल्याच वर्गातल्या प्रश्नावर केलेल्या संशोधनात) मुलांची वाचनाविषयीची अभिवृत्ती, म्हणजे वाचनाविषयीची आवड-नावड, हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांच्या चित्रांनी मोजली, तर तो निष्कर्ष ग्राह्य धरता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्या चित्राचा तुम्हाला अभिप्रेत असलेला अर्थच मुलालाही लागतो आहे ना, याची खात्री आधी करून घ्यायला हवी, आणि नेमके तेच बहुतेक ठिकाणी राहून जाते.

‘पूर्णतः सहमत’ ते ‘पूर्णतः असहमत’ ही श्रेणी आठ वर्षांच्या मुलाच्या आवाक्याबाहेरची असते. त्यामुळे अमेरिकेत मायकेल मॅकेना आणि डेनिस केअर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाचन-अभिवृत्ती चाचणीत प्रत्येक प्रश्नाखाली गारफील्ड या मांजराची, अतिशय खूश ते अतिशय नाराज अशी चार चित्रे दिली. प्रश्न २०, त्यांतले निम्मे आवडीच्या वाचनाविषयी, निम्मे शाळेतल्या वाचनाविषयी. एका प्रश्नाला १ ते ४ गुण, म्हणजे एकूण २० ते ८०. चित्रे सम संख्येत ठेवल्यामुळे मधल्या चित्राचा आडोसा घेण्याची सोयच राहत नाही. तुम्हीही चारच ठेवावीत, असे मला वाटते.

चेहरा कोणता काढायचा, हा प्रश्न याहून अवघड आहे. वेदना मोजण्यासाठी मुलांच्या रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या वोंग-बेकर श्रेणीत पहिला चेहरा हसरा आणि शेवटचा अश्रू ढाळणारा आहे. ज्याला दुखत नाही पण भीती वाटते आहे, अशा मुलाने यांतल्या कशावर बोट ठेवायचे? २००१ मध्ये सुधारून आलेल्या दुसऱ्या एका श्रेणीत हसू आणि अश्रू दोन्ही वगळले आहेत, ते याच कारणाने. वाचनाच्या बाबतीतही हाच घोळ होतो. वाचन न आवडणारे मूल रडत नाही, ते कंटाळते. आणि रडक्या चेहऱ्यांच्या श्रेणीत कंटाळ्याला जागाच नसते. त्यामुळे मी तुमच्या जागी असतो, तर पुस्तकात डोके खुपसून बसलेल्या मुलापासून जांभई देत खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलापर्यंत चार चित्रे स्थानिक चित्रकला शिक्षकांकडून काढून घेतली असती.

एका वर्गात मी एका मुलाला पहिल्या प्रश्नाला पहिला चेहरा, दुसऱ्याला दुसरा, असे ओळीने बोट ठेवत जाताना पाहिले. विचारल्यावर त्याने सांगितले, "सगळ्यांची पाळी यायला पाहिजे ना, सर." त्याच्या लेखी तो खेळ होता आणि तो न्यायाने खेळत होता. बेरीज मात्र एका सर्वसाधारण वाचकाची निघाली असती.

म्हणून चाचणीपूर्वी प्रत्येक मुलाला एकेका चित्राकडे बोट दाखवून "याला काय वाटतंय?" असे विचारा आणि ते जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत टिपून घ्या. मग कारल्याची भाजी, दिवाळीची सुट्टी अशा, उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक असलेल्या दोन-तीन गोष्टी विचारून पाहा. तिथेच उत्तर विसंगत आले तर त्या मुलाची पुढची उत्तरे गणनेत धरू नका. लहान मुले सर्वांत हसऱ्या चेहऱ्याकडे झुकतात, आणि समोर त्यांच्याच बाई किंवा सर असतील तर अधिकच. तेव्हा शक्य असल्यास चाचणी दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकांना घ्यायला सांगा. अहवालात केवळ सरासरी न देता प्रत्येक चित्र किती मुलांनी निवडले तेही द्या, कारण दोन टोकांना विभागलेला वर्ग आणि सगळा मध्यावर असलेला वर्ग यांची सरासरी सारखीच येऊ शकते.