सल्ला : ले-आउटसाठी ३ गुंठ्यांची वाट मागतायत, देऊ का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बेळगावच्या चारी बाजूंना आज जे चाललंय तेच त्यात आहे, म्हणून इतर वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात मांडतो. तुमच्या शिवाराच्या वरच्या अंगाला १४ एकरांत एनए (बिगरशेती) ले-आउट होणार आहे, म्हणजे घरांसाठी प्लॉट पडणार आहेत. त्याच्या खाली तुमचं २ एकर भाताचं रान. मुख्य रस्त्यावरून ले-आउटमध्ये शिरायला विकासकाला तुमच्या बांधाकडेची २० फूट रुंद आणि १६५ फूट लांब, म्हणजे ३ गुंठ्यांची पट्टी हवी आहे. बदल्यात ३० बाय ४० फुटांची एक साइट, म्हणजे घराचा प्लॉट, देतो म्हणतो. ‘कागद सावकाश करू, आधी खडी पडू दे,’ असा त्याचा आग्रह आहे. उतारा अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे आणि तुम्हाला एक भाऊ, दोन बहिणी आहेत. त्यात तुम्ही ग्रामपंचायतीचे सदस्य, आणि पुढच्या बैठकीत या ले-आउटला ‘हरकत नाही’ असा ठराव यायचा आहे. भाऊ म्हणतो, भाव वाढेल, सही कर. आई म्हणते, सगळं पाणी आपल्या रानात येईल.

माझं मत आधीच सांगतो. आज खडी टाकू देऊ नका, आणि त्या ठरावावर मत देऊ नका.

आधी मताचं बोलू. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यानुसार पंचायत सदस्य हा लोकसेवक ठरतो. ज्याच्या ले-आउटच्या बाजूने तुम्ही हात वर करणार, त्याच्याकडून त्याच महिन्यात साइट घेतली तर ‘ती जमिनीचा मोबदला होती’ हे लोकायुक्तांपुढे सिद्ध करता करता तुमची दमछाक होईल. तुमचा हेतू स्वच्छ आहे, हे पत्रावरून दिसतं. पण हेतू कागदावर दिसावा लागतो. बैठकीआधी पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) लेखी कळवा की या विषयात माझ्या कुटुंबाच्या जमिनीचा संबंध आहे, म्हणून मी चर्चेत आणि मतदानात भाग घेणार नाही. ते इतिवृत्तात नोंदवायला लावा आणि पोच घ्या. शेतकरी म्हणून लेखी हरकत किंवा सूचना देण्याचा हक्क त्याने जात नाही.

आता खडी. ही गोष्ट लोकांना फार उशिरा कळते. तोंडी परवानगी कधीही मागे घेता येते असं आपण धरून चालतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम ६० वेगळं सांगतं : तुमच्या परवानगीच्या भरवशावर समोरच्याने पैसे घालून कायमस्वरूपी काम केलं असेल, तर ती परवानगी रद्द करता येत नाही. म्हणजे खडी पडली, वर डांबर आलं, की साइट मिळो न मिळो, वाट गेली. त्याला घाई कशाची आहे ते यावरून समजा.

आणखी एक खटकतं. ले-आउटच्या आतले रस्तेसुद्धा सहसा ९ मीटरचे, म्हणजे ३० फुटांच्या आसपास धरतात. मग आत शिरायचा रस्ता २० फुटांचा कसा चालेल? आज ३ गुंठे देऊन बसलात तर उद्या ‘अजून १० फूट द्या’ म्हणून माणूस दारात येईल, आणि तेव्हा नाही म्हणायला तुमच्या हातात काही उरलेलं नसेल. मंजुरीसाठी दिलेल्या नकाशाची प्रत मागा. तो देत नसेल तर माहिती अधिकारात बुडाकडून (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडून) घ्या. गाव बुडाच्या हद्दीबाहेर असेल तर नगररचना कार्यालयातून मिळेल.

तसंही आज तुम्ही एकटे पट्टी देऊच शकत नाही. २००५ ची हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती आणि विनीता शर्मा खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल यांनंतर बहिणींच्या समान हिश्शाबद्दल शंका राहिलेली नाही. आधी वारसा लावून घ्या, मग ११ई नकाशा (तुकड्याच्या मोजणीचा सरकारी नकाशा) काढा; सर्व्हे नंबरचा तुकडा त्याशिवाय नोंदवता येत नाही. बहिणींना सहीपुरतं बोलावू नका, आत्ताच बोलवा आणि सगळं सांगा.

तुमच्या आईंचा मुद्दा मात्र मला सगळ्यात मोलाचा वाटतो. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला, आणि आपल्याकडे आषाढात तो काही विशेष नव्हे, तर १४ एकरांवर सुमारे २८ लाख लिटर पाणी पडतं. आज त्यातलं पुष्कळसं भाताच्या खाचरांत थांबतं, बांधाबांधाने उतरतं, मुरतं. तिथे सिमेंटचे रस्ते, गटारं आणि स्लॅब झाले की ते एका तोंडाने, एका तासात खाली येईल. कायदा असा आहे की वरच्या रानातून नैसर्गिक उताराने येणारं पाणी खालच्याला घ्यावंच लागतं. पण गटार बांधून, गोळा करून तुमच्या अंगावर सोडलेलं पाणी घेण्याचं बंधन तुमच्यावर नाही. त्याविरुद्ध दिवाणी न्यायालयातून मनाई मिळू शकते. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शेतकऱ्यांना पावसाळ्यात तुंबणाऱ्या बळ्ळारी नाल्याने काय दाखवलंय ते तुम्हाला माहीतच आहे. उभं भात पाण्याखाली गेल्यावर मनाईचा उपयोग नसतो.

म्हणून या पावसाळ्यातच पाण्याची आजची वाट, नाला आणि बांध यांचे फोटो तारखेसह काढून ठेवा. उताऱ्यात आणि सर्व्हेच्या नकाशात नाल्याची ‘ब खराब’ (लागवडीखाली न येणारी) जमीन किती दाखवली आहे ते बघा. ती सार्वजनिक असते. ती बुजवून साइट पाडलेल्या असतील तर तुमची हरकत तिथेच सगळ्यात जोरकस उभी राहते.

गावाच्या नफ्या-तोट्याचं तुम्ही विचारलंत. तो हिशोब भाऊ म्हणतो तितका सोपा नाही. १४ एकरांतून रस्ते, बाग आणि सार्वजनिक जागा वगळल्या तरी ३० बाय ४० च्या अडीचशे साइट सहज निघतात. घरटी ४ माणसं धरली तर जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरने रोज ५५ हजार लिटर पाणी लागेल. ते कोणत्या बोअरमधून येणार? त्यातलं बहुतेक सांडपाणी होऊन कुठे जाणार? विकासक रस्ते, दिवे, गटारं करून पंचायतीच्या हवाली करतो आणि निघून जातो. दुरुस्ती आणि दिव्यांचं बिल वर्षानुवर्षं गावाकडे राहतं. पुष्कळ साइट गुंतवणूक म्हणून घेतलेल्या असतात, घरं लवकर उभी राहत नाहीत आणि घरपट्टी हाती येत नाही. उलट बाजूही खरी आहे. घरं झाली की गवंडी, सुतार, दूधवाले, दुकानं यांना गावातच काम मिळतं. शेतीवर भागत नाही म्हणून पोरं पुण्या-मुंबईला जातात, त्यांना इथे घर बांधता येतं. तुमच्या उरलेल्या रानालाही रस्ता लागतो. ले-आउट होऊच नये असं मी म्हणणार नाही.

‘बाहेरची माणसं येतील, आपल्या मराठी शाळेचं काय’ हेही तुम्ही लिहिलंय. ही काळजी मला कळते, पण ती हरकतीत घालू नका. कोण कुठे राहायला येतो यावर कायद्यात हरकत घेता येत नाही, आणि घेऊही नये. त्याऐवजी नागरी सुविधांची जागा नकाशात शाळा-अंगणवाडीला लागून दाखवा, अशी सूचना द्या.

तुमच्या हातात खरं बळ आहे ते या ३ गुंठ्यांचं. दुसरी वाट असती तर तो तुमच्याकडे आला नसता. मागायचं ते आत्ता मागा आणि नोंदणीकृत करारात घाला : पावसाचं पाणी तुमच्या बांधाला न लागता थेट नाल्यात नेणारं पक्कं गटार, सांडपाण्याची सोय आणि तुमच्या रानात गाडी-ट्रॅक्टर शिरायला तोंड. गटार आणि सांडपाण्याच्या अटी मंजुरीच्या नकाशातही याव्यात असा अर्ज जिल्हाधिकारी आणि मंजुरी देणारं कार्यालय, दोन्हीकडे द्या. साइट विकायला खुल्या होण्याआधी ही कामं तपासली जातील, तेवढंच खरं. साइट घेण्याऐवजी बाजारभावाने, बँकेतून पैसे घ्या, असा माझा सल्ला आहे. साइटच हवी असेल तर एनए आदेश, मंजूर ले-आउट आणि रेराची (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखालची) नोंदणी झाल्याशिवाय पट्टीची नोंद करू नका. ५०० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटच्या प्रकल्पालाही रेरा लागू आहे, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. आणि मंजुरीनंतर त्या साइटचा ई-स्वत्तुवर (पंचायतीच्या मालमत्ता नोंदींच्या सरकारी संगणक प्रणालीवर) नमुना ९ आणि ११अ हा मालमत्तेचा उतारा निघाला पाहिजे. निव्वळ शंभराच्या बाँडवर लिहून दिलेल्या साइटला काही अर्थ नाही.

दस्त कन्नडमध्ये असेल. तुमच्या आईंना आणि बहिणींना तो मराठीत पूर्ण वाचून दाखवा, वाचून दाखवणाऱ्याची साक्षीदार म्हणून सही घ्या. या आठवड्यात दोनच कामं करा : पीडीओंना पत्र, आणि विकासकाला ‘कुटुंबाची लेखी संमती झाल्याशिवाय आमच्या जमिनीत कोणतंही काम करू नये’ अशी पोचपावतीसह स्पीड पोस्टाने नोटीस. त्यानंतर उतारा, सर्व्हे नकाशा आणि ले-आउटच्या नकाशाची प्रत घेऊन इथल्याच एखाद्या दिवाणी वकिलाकडे बसा.