गाढव ओरडावं म्हणून

प्रश्न : बाई, नमस्कार. मी विट्याचा, सांगलीत सॉफ्टवेअरचं काम करतो. माझ्या साडेतीन वर्षांच्या लेकीसाठी टॅबवर अक्षरांचा आणि अंकांचा खेळ बनवला आहे. उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजतात, चुकलं की गाढव ओरडतं. ती प्रत्येक वेळी मुद्दाम चुकीचंच दाबते. तिला अक्षरं येत नाहीत, की माझं काही चुकतंय? आणि रोज किती वेळ खेळू द्यावं?
— एक बाबा

उत्तर : तुमचं पत्र वाचून आधी पोटभर हसले. लेक हुशार आहे हो! टाळ्या काय, रोजच्याच. गाढव ओरडणं ही खरी मजा. मुद्दाम चुकायचं तर बरोबर कुठलं ते आधी ठाऊक लागतं, म्हणजे अक्षरं तिला बहुधा येतायत.

मी विश्रामबागेत छत्तीस वर्षं बालवाडी चालवली. माँटेसरी बाईंच्या बालशिक्षण पद्धतीत एक लाकडी ठोकळा असतो, त्याच्या लहानमोठ्या भोकांत त्या-त्या मापाचे दट्टे बसवायचे. जाड दट्ट्या बारीक भोकात जातच नाही. चूक झाली हे मूल स्वतःच पाहतं, बाईंना ओरडावं लागत नाही. हीच पद्धत बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांपर्यंत नेली. तिथल्याच हाताशी असलेल्या वस्तू घेऊन. तुमच्या खेळातही तसंच होऊ द्या. चुकीचं चित्र आपल्या जागी परत गेलं की पुरे. ना भोंगा, ना फुली.

अंकांचं सांगते. आमच्याकडची मुलं 'एक ते दहा' घडाघडा म्हणायची, पण समोर सात बेदाणे ठेवले की बोट एकीकडे आणि तोंड भलतीकडे. कुणी एक बेदाणा दोनदा मोजी, कुणी एखादा गाळी. मग मी वाटी ठेवली: मोजला की वाटीत. मोजलेले तिकडे, उरलेले इकडे. पडद्यावरही बोट लागलं की बेदाणा वाटीत जाऊ दे आणि तेव्हाच आकडा ऐकू येऊ दे. वाटीतल्याला पुन्हा बोट लागलं तर गप्प. शेवटी 'किती झाले?' एवढं विचारा. मूल पुन्हा एकपासून मोजायला लागलं, तर शेवटचा आकडा म्हणजेच सगळे मिळून, हे त्याला अजून उमगलेलं नाही. तोवर पुढची पायरी उघडू नका.

अक्षरांत तर मराठीच तुम्हाला अडवणार. 'या अक्षराने सुरू होणारं चित्र दाबा' हे 'क', 'म'ला ठीक. 'ण' आणि 'ळ'चं काय कराल? त्यांनी शब्द सुरू होत नाहीत. म्हणून तर आपण 'बाणातला ण', 'बाळातला ळ' म्हणतो. त्यांच्यासाठी 'शब्दात कुठे लपलाय ते शोध' असा वेगळा खेळ हवा. 'चाक' आणि 'चिमणी' एकाच 'च'खाली ठेवलेत का? उच्चार दोन आहेत, मुलाचा कान ते पकडतो. संगणकाचा तयार आवाज 'चाक' हिंदीसारखं म्हणतो, ते कानाला खटकतं. तिच्या आजीचा आवाज भरा. सूचना सगळ्या बोलूनच द्या, वाचता न येणाऱ्यापुढे पाटी लावून उपयोग काय?

बोटांचंही पाहा. या वयात चित्र ओढून नेताना बोट मध्येच उचललं जातं. चित्र झटकन मूळ जागी पळालं की रडारड. चुकीच्या ठिकाणी ठेवलेलं तेवढं परत जाऊ दे, असं वाटेत सुटलेलं मात्र जिथं सोडलं तिथंच थांबू दे. चित्रं मोठी ठेवा, निदान दोन सेंटिमीटरची. बंद करायचं बटण खालच्या कडेला नको, तळहात तिथंच टेकतो. (आणि भडंग खाल्लेले हात आधी धुवा, नाहीतर पडदा बोट ओळखायचा नाही!)

वेळेचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे, तोही कमी झाला तर उत्तमच. त्या तासात टीव्ही आणि मोबाईलही आले. मी तुमच्या जागी असते तर खेळच दहा मिनिटांत संपेल असा केला असता आणि शेवटी 'आता घरातल्या वाटीत शेंगदाणे मोज' असं आजीच्या आवाजात म्हटलं असतं.

गाढव मात्र काढून टाकू नका. त्याला एका कोपऱ्यात वेगळं उभं करा. दाबलं की ओरडेल, बरोबर-चूक काही नाही.