११ वर्षांच्या कुत्रीचं गर्भाशयाचं ऑपरेशन करावं का?

तुमची लॅब्रेडोर ११ वर्षांची आहे, गर्भाशयात पू झालाय (पायोमेट्रा), डॉक्टर ऑपरेशन सांगतायत आणि घरचे म्हणतात, या वयात नको. माझं मत विचाराल तर करा, आणि लवकर करा. नुसत्या अँटिबायोटिक्सवर हा पू सहसा हटत नाही. विष रक्तात भिनतं, किडन्यांवर येतं. स्राव बाहेर येत नसेल तर धोका आणखी जास्त, कारण पिशवी आत फुटू शकते.

नुसत्या वयाला घाबरू नका. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडन्यांचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) किती, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) किती, ते विचारा. आपल्याकडे गोचीडतापाने प्लेटलेट्स बऱ्याचदा उतरलेल्या असतात, ते भूल देण्याआधी कळलेलं बरं. सलाइन लावून तब्येत जरा सावरली की मग ऑपरेशन.

आमच्या कुत्रीला हेच झालं तेव्हा ती १० वर्षांची होती. माजावर येऊन महिना झाला होता. भांडंभर पाणी प्यायची आणि रिकामं भांडं नाकाने ढकलत माझ्यापर्यंत आणायची. तहान उन्हाळ्याची असेल, आजाराची नाही, असं समजून आम्ही चार दिवस घालवले, त्याची चुटपुट अजून लागते. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तिने माझ्या हातून दहीभात खाल्ला.

किडन्या आधीच पार निकामी असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा तिला त्रास होऊ न देणं एवढंच बघावं. पण आज रात्री ती सुस्त पडली, उलट्या करायला लागली, तर सकाळची वाट बघू नका.