लोकेल फोल्डर साफ केला तर तेलुगू-कन्नडचं काम बिघडेल का?

प्रश्न असा आहे: सोलापुरात पूर्व भागात डीटीपीचं दुकान, लिनक्स मिंटचा जुना पीसी, ३२ जीबीची एसएसडी काठोकाठ भरलेली. /यूएसआर/शेअर/लोकेल मधल्या नको त्या भाषा थेट आरएमने (फाइली कायमच्या पुसणारी आज्ञा) उडवल्या तर चालेल का? आणि तेलुगू, कन्नड पत्रिकांचं काम त्यात अडेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही अडणार. त्या फोल्डरात असतात त्या एमओ फाइली, म्हणजे प्रोग्रॅमच्या मेनूंची आणि सूचनांची भाषांतरं. तेलुगू अक्षरं दिसतात फॉन्टमुळे आणि टाइप होतात कीबोर्डच्या मांडणीमुळे. या दोन्ही गोष्टी दुसरीकडे असतात. म्हणून नावात 'फॉन्ट्स', 'आयबस' किंवा 'एम१७एन' (ही शेवटची दोन टायपिंगची) असलेल्या पॅकेजला हात लावू नका. इंग्रजी मजकूर बहुतेक वेळा प्रोग्रॅमच्या आतच असतो, त्यामुळे भाषांतर सापडलं नाही तरी प्रोग्रॅम बंद पडत नाही, इंग्रजीत चालतो.

आता आरएमचं. फाइली जातील, पण पुढच्या अपडेटला पॅकेज पुन्हा उघडलं की सगळ्या परत येतील. म्हणून आधी डीपीकेजीला (पॅकेजं उघडून बसवणारा प्रोग्रॅम) नियम सांगायचा: एक्स्क्लूड म्हणजे वगळ, इन्क्लूड म्हणजे ठेव. /ईटीसी/डीपीकेजी/डीपीकेजी.सीएफजी.डी या फोल्डरात एक नवी फाइल करा (इथे नागरीत लिहितोय, तुम्ही रोमनमध्येच टाइप करा):

पाथ-एक्स्क्लूड=/यूएसआर/शेअर/लोकेल/*
पाथ-इन्क्लूड=/यूएसआर/शेअर/लोकेल/लोकेल.अलियास
पाथ-इन्क्लूड=/यूएसआर/शेअर/लोकेल/ईएन*
पाथ-इन्क्लूड=/यूएसआर/शेअर/लोकेल/एमआर*

याच धर्तीवर हिंदी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूच्या ओळी घाला. क्रम चुकवू नका: एका फाइलला अनेक नियम लागू पडले तर शेवटचा चालतो. एक्स्क्लूडची ओळ खाली गेली तर मराठीही जाईल. सोलापुरात एकाच पीसीवर दिवसभरात चार भाषांची माणसं बसतात. या पाच-सहा भाषा ठेवल्याने जागा फारशी जात नाही, खरा भार उरलेल्या भाषांचा असतो. मॅन पानांनाही (आज्ञांची माहितीपानं) असाच नियम लावायचा असेल तर एक मेख आहे. इंग्रजी पानं 'ईएन' नावाच्या फोल्डरात नसतात, थेट मॅन१ ते मॅन९ मध्ये असतात. ते फोल्डर इन्क्लूड केले नाहीत तर मूळ इंग्रजी पानंच जातील.

हाताने लिहायचं नसेल तर लोकेलपर्ज पॅकेज बसवा. कोणत्या भाषा ठेवायच्या ते विचारून ते असेच नियम तयार करतं. त्या यादीत खुणा नीट तपासा, घाईत एंटर दाबू नका.

नियम लागू होतो तो त्यानंतर उघडल्या जाणाऱ्या पॅकेजांना. आधीपासून असलेल्या एमओ फाइली एकदा हाताने काढाव्या लागतात. त्यासाठी फाइंड (फाइली शोधणारी आज्ञा) वापरा: फक्त साध्या फाइली, नाव एमओने संपणारं, ठेवायच्या भाषांचे फोल्डर वगळून. पहिल्यांदा नुसती यादी छापून घ्या आणि वाचा. ती बरोबर वाटली तरच -डिलीट जोडा, तेही अगदी शेवटी. फाइंड अटी डावीकडून उजवीकडे तपासतं. -डिलीट अटींच्या आधी आलं तर अटी बघायच्या आतच सगळं जातं. एका शब्दाची जागा चुकल्याने होणारं हे नुकसान मोठं आहे.

मिंटमध्ये भाषांची वेगळी पॅकेजंही असतात, उदाहरणार्थ लिब्रेऑफिसची. ती सेटिंगमधल्या 'भाषा' खिडकीतून किंवा ॲप्टनेच (पॅकेजं बसवायची-काढायची आज्ञा) काढा. ॲप्ट-गेटला -एस दिलं की काहीही न काढता नुसती यादी दिसते. त्यात अनोळखी पॅकेजं दिसली तर तिथेच थांबा.

नावं सारखी म्हणून चुकून उडवली जाणारी तीन ठिकाणं: /यूएसआर/लिब/लोकेल (हे गेलं की पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा प्रत्येक वेळी लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, सेट न झाल्याची तक्रार करते), /यूएसआर/शेअर/आय१८एन (त्या सेटिंग तयार करणाऱ्या लोकेल-जेनचा कच्चा माल) आणि /यूएसआर/शेअर/एक्स११/लोकेल (दोन-तीन कळा जोडून खास अक्षर काढणारी कंपोझ की याच्यावर चालते). तिन्ही राहू द्या.

एखादी भाषा परत हवी झाली तर तिची इन्क्लूड ओळ घालून ते पॅकेज --रीइन्स्टॉलने पुन्हा बसवा. आणि नंतर डेबसम्सने (पॅकेजच्या फाइली तपासणारा प्रोग्रॅम) या लोकेलमधल्या फाइली गायब असल्याचं सांगितलं तर घाबरू नका, त्या तुम्हीच काढलेल्या असतात.

हे सगळं करण्याआधी डीयू -एसएच (फोल्डरचा आकार सांगणारी आज्ञा) लावून लोकेल फोल्डर किती मोठा आहे ते बघा. ३२ जीबीच्या डिस्कवर पुष्कळदा जुनी कर्नल (लिनक्सचा गाभा), ॲप्टने उतरवलेल्या पॅकेजांचा साठा आणि त्याच पार्टिशनवर घेतलेले टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट (सिस्टिमच्या राखीव प्रती) जास्त जागा खातात. ॲप्ट ऑटोरिमूव्ह आणि ॲप्ट क्लीन आधी चालवा. फ्लॅटपॅकची (ॲप्टबाहेरून प्रोग्रॅम बसवायची दुसरी पद्धत) भाषांतरं मात्र वेगळी असतात, डीपीकेजीचा नियम त्यांना लागू होत नाही. तिथे फ्लॅटपॅक कॉन्फिगने हव्या त्या भाषा ठरवा, फ्लॅटपॅक अपडेट चालवा आणि अनइन्स्टॉलला --अनयूज्ड जोडून उरलेलं काढा.